दऱ्या आणि दर्या : मराठी कळयोजना, संकेत आणि आवृत्ती यांचा इतिहास

१

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या बाजूने खाली उतरते, महाडवरून पश्चिमेकडे जाते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्रास मिळते. तिच्या या प्रवाहाचे वर्णन एका वाक्यात करावयाचे झाल्यास ‘सावित्री दऱ्यांतून निघून दर्यास मिळते’ असे म्हणता येईल. या वाक्यातील ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द केवळ र च्या लेखनाने वेगळे झाले आहेत. पहिल्यात र आडव्या लहान रेघेप्रमाणे पुढील य ला चिकटतो. दुसऱ्यात तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. उच्चारातही भेद आहे. ‘दऱ्या’ मधील द लघुच राहतो. ‘दर्या’ मध्ये पुढील जोडाक्षराचा आघात होऊन तो गुरू होतो.

हा भेद व्याकरणाशी निगडित आहे. ‘दरी’ या ईकारान्त शब्दाचे अनेकवचन ‘दऱ्या’, ‘पायरी’चे ‘पायऱ्या’. ‘शेतकरी’ व ‘अधिकारी’ यांची सामान्यरूपे ‘शेतकऱ्या-’ व ‘अधिकाऱ्या-’. उलट ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ हे तत्सम शब्द आणि फारसीतून आलेला ‘दर्या’ यांच्यात रफार येतो. आचार्याला दिलेला मान आणि आचाऱ्याला दिलेला मान यांत जो फरक आहे तो मराठी लेखनात एवढ्याशा खुणेने दाखविला जातो. ह च्या पूर्वीही हाच अर्धा र येतो, जसे गाऱ्हाणे, तऱ्हा, कऱ्हाड, वऱ्हाड. शेतकऱ्याने अधिकाऱ्याकडे मांडलेले गाऱ्हाणे असे म्हटले की तीन शब्दांत तीन वेळा हे अक्षर आले. मराठी भाषेचा सार्वजनिक व्यवहार त्यावाचून चालत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हाताने लिहिणाऱ्यास हा भेद करण्यास कोणतीही अडचण नव्हती. लेखन बोटांच्या कळांवर आले आणि पुढे संगणकाच्या स्मृतीत साठविले जाऊ लागले तेव्हा या भेदाचे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

यांत्रिक लेखनात तीन गोष्टींचा विचार पृथक्‌पणे करावा लागतो. बोट जिच्यावर पडते ती कळ. यंत्र जे साठविते तो संकेत. आणि डोळ्यास जी दिसते ती आकृती. कोणत्या कळेने कोणते अक्षर अथवा कोणती क्रिया घडावी या व्यवस्थेस येथे ‘कळयोजना’ असे म्हटले आहे. कळयोजना हा मुख्यतः सवयीचा आणि सोयीचा प्रश्न होय. संकेत हा मात्र दोन व्यक्तींमधील, किंबहुना दोन पिढ्यांमधील करार होय. मराठी कळफलकाच्या इतिहासात जे जे अनर्थ झाले त्यांच्या मुळाशी या दोहोंची गल्लत आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

टंकलेखनयंत्रात ही गल्लत अपरिहार्य होती. कळ, तिच्याशी जोडलेला दांडा आणि दांड्याच्या टोकावरील आकृती हे एकच अखंड साधन होते; संकेत नावाची वस्तूच तेथे नव्हती. छापखान्यातील जुळाऱ्यास शेकडो खिळे हाताशी असत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईस स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती अशा विपुल आणि सुबक खिळ्यांवरच उभी होती. टंकलेखनयंत्रावर मात्र चाळीस-पंचेचाळीस कळा आणि त्यांच्या दुप्पट आकृती एवढीच सामग्री. म्हणून अक्षरांचे तुकडे करावे लागले. अर्ध्या अक्षरास काना जोडून पूर्ण अक्षर करावयाचे. मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्या असता गाडा पुढे सरकू नये अशी योजना करावयाची. ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी ती आधी उमटवावयाची, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे असते. ‘सावित्री’ हा शब्द लिहिताना टंकलेखकाची बोटे वेलांटीनंतर व कडे जात. लेखनाचा क्रम उच्चाराचा राहिला नाही, आकृतीचा झाला.

यंत्राच्या या मर्यादेने लिपीवरही दाब आणला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–१९३७) वि. दा. सावरकरांनी जी लिपिसुधारणा पुरस्कारिली तीत इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी अ लाच बाराखडीची चिन्हे जोडावी अशी सूचना होती. मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे लिहावी असे सुचविले. तो बदल रूढ झाला नाही आणि पुढे मागे घेण्यात आला. कळा थोड्या म्हणून अक्षरे बदलावी, असा हा विचार होता. कळ आणि अक्षर यांचा संबंधच सैल करता येईल ही कल्पना त्या काळच्या यंत्रांत शक्य नव्हती.

३

ती कल्पना संगणकाने शक्य केली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा आठ अंशांचा संकेत तयार झाला. त्याच्या आवृत्त्या १९८३ व १९८८ मध्ये निघाल्या आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने त्यास प्रमाण रूप दिले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे यांनी विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले आणि हा संकेत प्रत्यक्ष व्यवहारात उतरला. यात अक्षरांच्या तुकड्यांना स्थान नव्हते. प्रत्येक वर्णास एक संकेत, संकेतांचा क्रम उच्चाराप्रमाणे, आणि जोडाक्षराची आकृती कशी काढावयाची ते यंत्राने ठरवावयाचे, असे याचे तत्त्व होते. वेलांटी आता व्यंजनानंतर साठविली जाऊ लागली.

या संकेतास अनुरूप अशी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळयोजना १९८६ मध्ये प्रमाण ठरविण्यात आली. तीत स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. अल्पप्राण वर्ण साध्या कळेवर आणि त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट दाबून मिळतो. वर्णमालेची शास्त्रशुद्ध रचना बोटांखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. आरंभी घेतलेल्या दोन शब्दांची परीक्षा येथे करता येते. ‘दर्या’ लिहिण्यास द, र, पाय मोडण्याचे चिन्ह, य आणि काना अशा पाच कळा लागतात. ‘दऱ्या’ लिहिण्यासही पाचच कळा लागतात. फक्त र च्या कळेबरोबर शिफ्ट दाबली म्हणजे र ऐवजी ऱ मिळतो. ऱ चा पाय मोडून पुढे व्यंजन आले की आडव्या रेघेचा अर्धा र काढावा, असा इस्कीचा नियम आहे. ऱ हा वर्ण मुळात दाक्षिणात्य भाषांतील कठोर र साठी घेतलेला. मराठीने तो आपल्या अर्ध्या र साठी उपयोगात आणला. अर्थातील भेद असा संकेतातही स्पष्टपणे नोंदला गेला.

४

तथापि व्यवहारात नेमके उलटे घडले. १९९० च्या दशकात मराठी मुद्रण आणि कचेऱ्यांतील लेखन संगणकावर झपाट्याने आले ते बहुतांशी टंकांच्या मार्गाने. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव इत्यादी टंकसंचांनी टंकलेखनयंत्रावर तयार झालेल्या बोटांची सवय जपली आणि ते योग्यच होते. परंतु सवयीबरोबर त्यांनी यंत्राची जुनी गल्लतही जपली. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीच्या आकृती बसविण्यात आल्या आणि प्रत्येक टंककाराने त्या आपल्या मतीने बसविल्या. स्मृतीत साठविला जाई तो मराठी वर्ण नव्हे, तर त्या विशिष्ट टंकातील आकृतीचे स्थान. तो टंक ज्या संगणकावर नसे तेथे तोच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन दिसे.

दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, मजकूर टंकावर अवलंबून होता आणि हे अवलंबित्व कोठेही नोंदलेले नव्हते. कागदावर छापून निघेपर्यंत त्याचा दोष जाणवत नसे. दहा वर्षांनी तीच फाइल उघडावी लागली म्हणजे कोणता टंक आणि त्याची कोणती आवृत्ती, हा प्रश्न उभा राही आणि त्याचे उत्तर देणारा टंकलेखक तोपर्यंत निवृत्त झालेला असे.

५

युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. त्याच वर्षी भारतात इस्कीची सुधारलेली आवृत्ती प्रमाण ठरली. एक मानक दुसऱ्या मानकाच्या एका विशिष्ट आवृत्तीवर उभे राहते आणि मूळ मानक पुढे सरकते, हा प्रकार येथे स्वच्छ दिसतो. दोहोंतील भेद फार मोठे नव्हते, परंतु मराठीचा अर्धा र त्या फटीत सापडला.

युनिकोडच्या नियमांत या अर्ध्या र ची दोन लेखने मान्य आहेत. एक इस्कीला अनुसरून, म्हणजे ऱ आणि त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह. दुसरे असे की साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह. हे दुसरे लेखन युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी एवढ्याचसाठी पुढील आवृत्त्यांत ठेवण्यात आले आहे. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द पाच संकेतांनीही लिहिता येतो आणि सहा संकेतांनीही. कागदावर दोन्ही सारखे. यंत्राच्या दृष्टीने दोन निराळे शब्द. ऱ हा एकसंध संकेत आणि र ला खाली बिंदू जोडून केलेला ऱ हे समान आहेत असे युनिकोड मानते. परंतु जोडचिन्हाचे लेखन या समानतेच्या कक्षेत येत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम दुहेरी आहे. एका रीतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधावयास गेले असता दुसऱ्या रीतीने लिहिलेले कागद, दोन्हींची समजूत शोधसाधनास मुद्दाम करून दिलेली नसेल तर, हाती लागत नाहीत. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अदृश्य चिन्ह निरर्थक समजून एखादी आज्ञावली ते गाळून टाकते. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘शेतकऱ्या’ला रफार येतो. पहिल्या उदाहरणात तर शब्द चुकलाही नाही, अर्थच पालटला. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रास त्यात दोष दिसण्याचे कारणच नाही.

ॲ या अक्षराचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. २००० साली निघालेल्या विंडोज २००० या प्रणालीपासून युनिकोडमधील मराठी सर्वसामान्य संगणकावर लिहिता येऊ लागली. तथापि ॲ साठी स्वतंत्र संकेत नव्हता आणि लेखक अ ला चंद्र जोडून काम भागवीत. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ ला स्वतःचा संकेत मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण केले तेव्हा ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. परंतु नवा संकेत जुन्या टंकांना ठाऊक नव्हता. तेथे अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसे. आधी लिहिलेला मजकूर जोडीच्या रूपात राहिला, नंतरचा एकसंध रूपात.

६

कळयोजना आणि आवृत्ती यांचा हा संबंध मराठीपुरता नाही. संगणकास लेखी आज्ञा देण्याची जी जुनी पद्धत आहे, जीस कमांड लाइन म्हणतात, तिच्या इतिहासात तो अधिक उघडा दिसतो. आणि भाषासंग्रहावर काम करणाऱ्या अभ्यासकाचा या पद्धतीशी वारंवार संबंध येतो. टाइप केलेली ओळ वाचणे, ती दुरुस्त करू देणे, पूर्वीच्या ओळी परत आणणे ही कामे प्रत्येक आज्ञावली स्वतः करीत नाही. त्यांसाठी तयार केलेली एक समाईक लायब्ररी ती उपयोगात आणते. अशा लायब्रऱ्यांत ‘रीडलाइन’ सर्वांत प्रसिद्ध होय. ब्रायन फॉक्स यांनी ती ‘बॅश’ या आज्ञावलीच्या निमित्ताने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रचिली आणि पुढे चेट रेमी यांनी तिची जोपासना केली.

रीडलाइनने कळयोजना वापरणाऱ्याच्या स्वाधीन केली. कोणत्या कळेने ओळीच्या आरंभी जावे, कोणत्या कळेने मागील आज्ञा शोधावी, हे प्रत्येकास ‘इनपुटआरसी’ नावाच्या आपल्या खाजगी फाइलीत लिहून ठेवता येते. मराठीस मात्र तेथे प्रवेश सहज मिळाला नाही. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आजच्या प्रचलित साठवणीत तीन बाइट व्यापते. ‘दऱ्या’ पंधरा, आणि जोडचिन्हासह लिहिल्यास अठरा. एक अक्षर म्हणजे एक बाइट या गृहीतावर चालणाऱ्या साधनात खोडकळ दाबली असता अक्षराचा तिसरा हिस्साच पुसला जाई. अनेक बाइटांच्या अक्षरांची सोय रीडलाइनच्या ४.३ या आवृत्तीत, २००२ मध्ये झाली. त्याआधीच्या आवृत्तीवर विसंबलेल्या संगणकात वापरणाऱ्याने कितीही नवी कळयोजना लिहिली तरी मराठी ओळ नीट दुरुस्त होणे शक्य नव्हते. कळ हाती होती, पाया हाती नव्हता.

पायथॉन भाषेतील ‘आयपायथॉन’ या साधनाचा वृत्तान्त याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१६ मध्ये निघालेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीने रीडलाइन सोडून जोनाथन स्लेंडर्स यांची ‘प्रॉम्प्ट टूलकिट’ ही लायब्ररी स्वीकारली. त्याबरोबर इनपुटआरसी फाइलीत अनेकांनी जतन केलेल्या कळयोजना तेथे निरुपयोगी झाल्या. २०१८ मध्ये प्रॉम्प्ट टूलकिटची २.० ही आवृत्ती आली; तीत कळा नोंदविण्याची रीतच बदलली आणि पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या खास कळयोजना तशाच चालेनात. आयपायथॉनच्या सहाव्या आवृत्तीस २.० पेक्षा खालचीच लायब्ररी हवी होती, सातव्या आवृत्तीस २.० हवी होती. एकाच संगणकावर दोन्हींची गरज असलेली साधने एकत्र नांदेनात.

गोंधळ झाला हे खरे. परंतु तो निस्तरता आला, कारण अवलंबित्व लिहून ठेवलेले होते. अमुक साधनास अमुक लायब्ररी हवी, तिची आवृत्ती या मर्यादेपासून त्या मर्यादेपर्यंत चालेल, ही नोंद साधनाबरोबरच प्रवास करीत होती. आणि आवृत्तीचा पहिला अंक बदलणे म्हणजे जुन्याशी सुसंगती सुटली असण्याचा इशारा, असा संकेतही त्या व्यवसायात रूढ होता. श्री-लिपीत किंवा कृतिदेवात लिहिलेल्या, आणि जोडचिन्हासह अथवा त्याशिवाय लिहिलेल्या मराठी मजकुराबरोबर अशी कोणतीही नोंद नसते. दोन इतिहासांतील महत्त्वाचा फरक तो हाच.

७

यावरून काही निष्कर्ष निघतात. कळयोजनेच्या बाबतीत एकरूपतेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. टंकलेखनयंत्रावर शिकलेल्याने त्या सवयीने लिहावे, इन्स्क्रिप्ट येणाऱ्याने इन्स्क्रिप्टने, रोमन उच्चाराच्या आधारे लिहिणाऱ्याने तसे. या बाबतीत सक्ती केल्यास लोक मराठी लिहिणेच टाळतील. मात्र कोणत्याही कळेने लिहिले तरी साठविला जाणारा संकेत एकच असावा. अर्ध्या र साठी ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह हेच लेखन स्वीकारणे इष्ट. कारण त्यात अर्थाचा भेद दृश्य वर्णावर उभा आहे, गळून पडू शकणाऱ्या अदृश्य चिन्हावर नव्हे. आणि जेथे संग्रह करावयाचा तेथे संकेताची आवृत्ती, टंक आणि रूपांतराची रीत यांची नोंद संग्रहाच्या आरंभीच करावी.

महाड-पोलादपूर भागातील बोलींचे नमुने, गावांची व शेतांची नावे, अर्जविनंत्या यांचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकास हे विशेषेकरून लागू पडते. डोंगरी मुलखाच्या वर्णनात दऱ्या पदोपदी येणार आणि खाडीच्या वर्णनात दर्या येणार. ज्या संग्रहात या दोहोंची सरमिसळ झाली त्यावरून ऱ् च्या वितरणाविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष भाषेविषयीचा नसून लेखनिकाच्या संगणकाविषयीचा ठरेल. संकलनाच्या वेळी दोन ओळींची टीप लिहिण्याचा कंटाळा केला तर पुढील अभ्यासकास सबंध संग्रह पुन्हा तपासावा लागेल, आणि मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नसेल तर तेही साधणार नाही.

नोंदीचे महत्त्व महाडला नव्याने सांगावयास नको. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्यावरून उद्भवलेला दावा सुमारे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे ठरवून तो निकालात काढला. सार्वजनिक हक्काचा निर्णय पुराव्यावर होतो आणि पुरावा वाचता यावा लागतो. आजचे गाऱ्हाणे कागदावर कमी आणि संगणकात अधिक साठविले जाते. उद्या ते शोधावयास येणाऱ्याने ‘गाऱ्हाणे’ हा शब्द योग्य कळांनी लिहावा आणि यंत्राने असा कागदच नाही असे उत्तर द्यावे, ही आपत्ती टाळणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नाही. मराठीच्या अभ्यासकांचेही ते कर्तव्य आहे.